मावशीच्या थडग्याची डावी भिंत

१

तळलेल्या बांगड्याचा पहिला घास तोंडात गेला आणि फोन वाजला. जमिनीचे दावे लढणाऱ्या बाईला जेवण काय नि झोप काय, सारखंच.

"वकीलबाई, मावशीच्या थडग्याची भिंत नेली हो कुणीतरी!" माझ्या अशील माल्सुनआजी फोनवर ओरडत होत्या.

"सगळी?"

"नाही, डावीकडची मधलीच. बाकी आहे तशी आहे. तुम्ही या आधी."

बांगडा तसाच झाकून ठेवला आणि निघाले. परवा न्यायाधीश स्वतः त्यांचं वादातलं शेत बघायला येणार होते. अशा वेळी शेतातलं गवताचं पातं जरी हललं, तरी वकिलाला धावावं लागतं.

आमच्या कोरियातल्या जेजू बेटावर माणसं मेल्यावरही शेत सोडत नाहीत. पिकाच्या मधोमध मातीचा गोल उंचवटा, त्याभोवती काळ्या दगडांची कमरेएवढी उंच, रुंद भिंत. घोडे आत शिरू नयेत, वणवा पोचू नये म्हणून. माल्सुनआजींचं शेत हाल्ला डोंगराच्या उतारावर आहे. तिथे पूर्वी गाव होतं. १९४८ च्या दंगलीत, डोंगरात बंडखोर लपलेत म्हणून, ते जाळलं. कुणी जाळलं, हे आमच्याकडे अजूनही मोठ्याने कुणी विचारत नाही. घरं गेली, परसातले बांबू तेवढे राहिले. धुक्यात ते बांबू करकरतात तेव्हा कुणीतरी दार उघडतंय असं वाटतं. मी भुतंखेतं मानत नाही. पण त्या वाटेने जाताना गाडीच्या काचा वर करते, हेही खरं.

आजी बांधावर उभ्या होत्या. साठी उलटलेली बाई, कंबर वाकलेली, जीभ मात्र ताठ. मला थडग्याशी घेऊन गेल्या. उजवीकडे भिंतीत आत्म्याला जायला-यायला ठेवलेलं अरुंद दार होतं. बाईच्या थडग्याला ते उजवीकडेच असतं. ते दार, त्याची घडीव शिळा, सगळं जागच्या जागी होतं. डावीकडे मात्र दोन हात रुंदीचं खिंडार पडलं होतं. दगड गायब. आणि खिंडारात काटेरी संत्र्याच्या फांद्या नीट रोवून कुंपण केलेलं.

"हे कुंपण तुम्ही केलंत?"

"मी कशाला? मी आले तेव्हा असंच होतं. आणि बघा ना, मेल्याने अर्धवटच केलंय."

खरंच. फांद्यांच्या मध्ये वीतभर फट सोडलेली होती. घोडा जाणार नाही, मांजर जाईल एवढी.

"त्या फटीतून कोणीतरी जातंय, बाई," आजी हळूच म्हणाल्या. "सकाळपासून मला जाणवतंय. मावशी कधी असं करायची नाही."

"वारा असेल," मी म्हटलं. पण वारा नव्हता. धुकं जागच्या जागी उभं होतं.

२

आता दावा काय होता ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल.

शेत आजींच्या वडिलांचं, बू छांगउ यांचं. आजी आठ वर्षांच्या असताना, गाव जळालं त्या हिवाळ्यात, ते घरातून गेले ते गेलेच. आईने सांगितलं, बोटीत बसून जपानला, ओसाकाला गेले. आमच्या बेटावरची निम्मी माणसं तेव्हा ओसाकाला गेली होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पत्र नाही, पैसा नाही. आईने आणि मग आजींनी ते शेत कसलं, कुट्टू पेरला, गाजरं काढली. मधल्या थडग्यात कोण, म्हणून विचारलं तर आई म्हणायची, तुझी मावशी, लग्नाआधीच गेली. आजी दर साली आठव्या चांद्रमासात तिचं गवत कापायच्या आणि कापता कापता बापाला शिव्या घालायच्या.

"मी मावशीला सांगते," आजी मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुझ्या मेहुण्याचं वाटोळं होवो. तिकडे दुसरी करून बसला असेल, जपानी!"

आणि दोन वर्षांपूर्वी ब्यन सांगजुन नावाचा जमिनीचा दलाल कागद घेऊन उगवला. त्याचे आजोबा गावचे मुखिया. त्यांनी म्हणे हे शेत छांगउ यांच्याकडून विकत घेतलं, गाव जळाल्यानंतर तीन वर्षांनी, ओसाकाहून आलेल्या विक्रीपत्रावर. पुढे सरकारने कायदा काढला: ज्यांचे कागद दंगलीत जळाले, त्यांनी गावातल्या तीन जाणत्या माणसांचे शिक्के आणावेत, जमीन नावावर होईल. मुखियांनी आजींची आई वारल्याबरोबर तीन शिक्के आणले. आजींना पत्ताच नाही.

"पण जन्मभर कसलं मी!" आजी म्हणायच्या. कसेल त्याची जमीन, म्हणायला ठीक आहे. पण आजी दर सणाला मुखियांच्या घरी कुट्टूच्या पिठाची पिशवी नेऊन द्यायच्या. मोठं माणूस, वाईट काळात सांभाळून घेतलं, म्हणून. ब्यन म्हणे, तो खंड होता, बाई आमचं कूळ होती. भलेपणा असा अंगाशी आला. हरलो असतो तर गोल्फचं मैदान झालं असतं तिथे, आणि बांधावरच्या झोपडीतून आजी बाहेर.

यात थडग्याचा संबंध कुठे येतो? कुठेच नाही! मावशीचं थडगं कुणाला हवं होतं, ना आम्हाला, ना त्यांना. मोजणीतून ते वेगळं काढायचं एवढंच ठरलं होतं. मग त्याच्या भिंतीला हात कुणी आणि कशाला लावावा?

पहिला संशय दगडचोरांवर. शहरातले लोक बागेत मांडायला थडग्यांचे जुने दगड विकत घेतात, लाज सोडलेले. असला माल ठेवणारा एक दुकानदार मला माहीत होता. त्याला गाठलं.

"बाई, मला चोर म्हणा, पण मूर्ख नका म्हणू," तो दात कोरत म्हणाला. "उजवीकडे घडीव शिळा आहे ना दाराला? ती सोडून डावीकडचे ओबडधोबड धोंडे मी नेईन? त्याला गिऱ्हाईक कोण, तुम्ही?"

मुद्दा बिनतोड होता. मी त्याला धन्यवादही दिले नाहीत.

मग ब्यन. इस्त्रीचा शर्ट, गार कॉफी, समोर गोल्फ मैदानाचा रंगीत नकाशा.

"थडगं मोडलं?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "मोडलं म्हणजे किती? बाई, कंपनीने आधीच विचारलंय, थडग्याचं लफडं नाही ना म्हणून. हा तर गुन्हा आहे! सौदा मोडेल माझा. परवा न्यायाधीश येतायत, आणि मी भिंत पाडू? मला काय वेड लागलंय?"

"तुमच्या आजोबांनी ते शेत खरंच विकत घेतलं होतं?"

"घेतलं म्हणूनच कागद आहे. आजोबा खोटं बोलायचे नाहीत." आणि मग जरा खालच्या आवाजात, "निदान माझ्याशी तरी नाही."

माणूस लोभी होता, पण त्या क्षणी घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस मला ओळखता येतो. भिंत पाडणारा ब्यन नव्हता. मग कोण?

३

शिक्के मारणाऱ्या तिघांपैकी दोघे देवाघरी गेले होते. उरला होता जिन हाकपिल, गवंडी. उभा जन्म त्याने काळ्या दगडांच्या भिंती रचल्या. उतारावरची निम्मी थडगी त्याच्या हातची. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पण खांदे बैलासारखे. परवा त्याचीही साक्ष होती, त्यामुळे मी आत न जाता उंबऱ्याशीच उभी राहिले. साक्षीदाराला पढवलं असं नको व्हायला.

"काका, एकच विचारते. माल्सुनआजींच्या शेतातल्या थडग्याची भिंत पडली, ऐकलंत का?"

म्हातारा लसूण सोलत होता. मान वर केली नाही. "घोडे आत गेले नाहीत ना?"

"नाही."

"मग ठीक."

"कुणी पाडली असेल?"

"मी आता भिंती बघत नाही, पोरी. डोळे गेले." त्याने हातावर फडकं ओढून घेतलं. "माल्सुन कशी आहे?"

"रडतेय. तिला वाटतं, तिथून कोणीतरी जातंय-येतंय."

लसणाची पाकळी त्याच्या बोटांतून निसटली. ती त्याने लगेच शोधून उचलली. डोळे गेलेल्या माणसाच्या मानाने फारच लगेच.

"तिला सांग, तिथे जात जाऊ नकोस," तो म्हणाला, "परवापर्यंत तरी." आणि दार लावून घेतलं.

मला राग आला. खाई त्याला खवखवे, हे दिसतच होतं. पण काय खाल्लं होतं याने? शिक्का खोटा असेल, तर कागद बदलावा, साक्ष फिरवावी. मेलेल्या मावशीची भिंत पाडून याला काय मिळणार होतं?

४

दुसऱ्या दिवशी मला काम बाजूला ठेवावं लागलं. गवत कापायचे दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत बेटाबाहेर गेलेला माणूसही विमान पकडून येतो. नाही आला तर भाऊबंद वर्षभर टोमणे मारतात. मी विळा घेऊन वडिलांच्या थडग्याकडे गेले. चुलत भाऊ आधीच येऊन घाम पुसत होता.

"आल्या वकीलीणबाई! गवत संपल्यावर!"

"दावा होता."

"मेल्यांना कोर्टाची तारीख पडत नाही, म्हणून त्यांना कायम शेवटीच ठेवतेस."

त्याला उत्तर देत देत मी भिंतीला वळसा घातला आणि दारातून आत शिरले. डाव्या दारातून. लहानपणापासून तसंच शिरते. भिंतीवरून उडी मारली की आई पाठीत धपाटा घालायची. मेलेला माणूस डोंगराकडे डोकं करून निजलेला असतो. त्याच्या डाव्या हाताला दार असलं तर तो पुरुष, उजव्या हाताला असलं तर बाई. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इतकं माहीत असतं, की आपण त्याचा विचारच करत नाही.

मी दारातच थांबले. विळा हातात तसाच.

"काय झालं? साप?" भाऊ ओरडला.

साप परवडला असता. ती वीतभर फट कुणी चुकून सोडली नव्हती. ज्याने फांद्या रोवल्या, त्याचा हात तिथे अडला होता. दगड त्याने नेले, पण दार बंद करणं त्याला जमलं नाही. उजवीकडे उघडं दार असताना डावीकडे आणखी एक दार कुणासाठी?

मी गवत न कापताच निघाले. भाऊ काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

५

न्यायाधीश तरुण होते, मुख्य भूमीवरून आलेले, चिखलात बुटांच्या चिंतेत पडलेले. मोजणीदार, ब्यन आणि त्याचा वकील, जिन काका, आजी. धुकं इतकं की बांबू नुसते ऐकू येत होते. आजींना मी आधी काही सांगितलं नव्हतं. माझा अंदाज चुकला असता, तर त्या बाईची दोनदा माती झाली असती.

"साहेब, मोजणीआधी एक विनंती," मी म्हटलं. "ही मोडलेली जागा साफ करून बघावी."

"या थडग्याचा वादाशी संबंध काय?" ब्यनचा वकील म्हणाला.

"तोच तर प्रश्न आहे. संबंध नाही, तर मोडलं का?"

न्यायाधीशांनी होकार दिला. मोजणीदाराने फांद्या काढल्या, गवत सारलं. आमच्या थडग्यांची भिंत दोन पदरी असते. बाहेर मोठे दगड, आत मोठे दगड, मध्ये खडी भरलेली, आणि खाली जमिनीत पुरलेला पाया. खिंडाराच्या दोन्ही बाजूंना पाया होता. मध्ये नव्हता. तिथे एक सपाट पायरीचा दगड होता, कडा गुळगुळीत केलेला.

"हे दार आहे," मी म्हटलं. "मागून पाडलेलं नाही, भिंत रचतानाच ठेवलेलं. मग त्याच्यापुढे एकेरी दगड नुसते लावून ते झाकलं. बाहेरून भिंत दिसावी, आतल्याला मात्र सरकवता यावी. आज मोजणीवाले भिंतीवर चढले असते, तर मधली खडी गायब आहे हे दिसलं असतं. म्हणून कुणीतरी ते दगड आधीच हलवले, चोरी झाली असं वाटावं म्हणून. दगडचोराने उजवीकडची शिळा नेली असती. दलालाने यंत्र लावलं असतं, काटेरी कुंपण करायच्या भानगडीत तो पडला नसता. ज्याने हे केलं त्याला घोडे आत शिरू नयेत याची काळजी होती. आणि त्याने पुरुषाच्या बाजूला वाट मोकळी ठेवली. म्हणजे आत पुरुष आहे हे त्याला माहीत होतं. दोन दारं असलेलं थडगं. एक लोकांना दाखवायला, एक मेलेल्यासाठी. हे कुणाला माहीत असणार? ज्याने रचलं त्याला."

जिन काकांच्या हातावरचं फडकं घसरलं होतं. कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते.

"काका," मी हळू म्हटलं, "आत कोण आहे?"

म्हातारा पायरीच्या दगडापाशी खाली बसला.

"छांगउ," तो म्हणाला. "माल्सुनचा बाप."

आजींनी माझा दंड धरला. बोटं रुतली.

"ओसाका बिसाका काही नाही," तो जमिनीकडे बघत बोलत राहिला. "डोंगरात गाय शोधायला गेला होता. बंदुकवाल्यांनी गाठून मारला. मी आणि त्याच्या बायकोने, वहिनीने, पहाटे फळीवर घालून आणला. डोंगरात मेला म्हटलं असतं, तर डोंगरातल्या बंडखोरांचं घर म्हणून या दोघीही गेल्या असत्या. वहिनी म्हणाली, बाईचं थडगं रचा, विचारलं तर माझी बहीण म्हणेन. मी रचायला घेतलं. रचत असताना ती म्हणाली, भावोजी, पण त्यांनी यायचं कुठून? मग मी ते दुसरं दार काढलं."

"आणि शिक्का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मुखियांनी मागितला. त्यांना थडग्याचं माहीत नव्हतं, ते ओसाकाच खरं धरून चालले होते. नाही म्हटलं, तर सांगावं लागणार, तो कागद खोटा, मेलेला माणूस कागद धाडत नाही. म्हणजे तो कुठे मेला तेही सांगावं लागणार. माझ्या घरात चार पोरं होती. मी मारला शिक्का. ज्याला या हातांनी पुरला, त्याचीच जमीन या हातांनी दिली. मोजणी होणार म्हणून कळलं, तेव्हा वाटलं, आता दगड बोलणार."

ब्यन बाजूला उभा होता. त्याने नकाशाची गुंडाळी उगाच सोडली आणि परत गुंडाळली. मला त्याची जरा दयाच आली.

ज्या साली छांगउंनी जमीन विकली म्हणे, त्याआधी तीन वर्षं ते याच जमिनीखाली होते. निकाल पुढे वसंतात लागला, आमच्या बाजूने. ते सांगून टाकते, कारण त्या दिवशी त्या शेतात कुणालाच त्याचं काही पडलेलं नव्हतं.

आजी थडग्यापुढे गेल्या. मला वाटलं, रडतील. त्या उभ्याच राहिल्या.

"इतकी वर्षं मी इथे वाकून तुम्हाला शिव्या घातल्या, आबा," त्या म्हणाल्या. "तुमच्याच डोक्यावरचं गवत कापत. एकदा तरी ओ द्यायची होती! एकदा तरी!"

मग त्या वळल्या आणि जिन काकांकडे आल्या. मी पुढे झाले; म्हाताऱ्याच्या थोबाडीत देतात की काय असं वाटलं. दिली असती तर मी अडवलं नसतं.

"तिथी सांग," आजी म्हणाल्या.

"काय?"

"कुठल्या तिथीला गेले ते. जिवंत आहेत म्हणून मी कधी त्यांचं पान वाढलं नाही. मावशीचं वाढलं, जी जन्मलीच नाही. त्यांचं एकदाही नाही. तिथी सांग."

"अकराव्या महिन्यातली चतुर्दशी," म्हातारा म्हणाला. "उजाडायच्या आधी."

आजींनी ओठातल्या ओठात ती दोनतीनदा घोकली. निघाल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या. पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. बापाचा चेहराही धड आठवत नव्हता त्यांना, आणि जगात आता ते सांगणारा एकच माणूस उरला होता. तोच.

"त्यांना खायला काय आवडायचं?"

जिन काकांनी फडक्याने तोंड पुसलं. "डुकराच्या हाडांचं सूप," ते म्हणाले. "समुद्रातलं शेवाळ घालून. दाट. आणि मुळ्याचं सारण भरलेलं कुट्टूचं धिरडं, कडेला जरा करपलेलं."

"करपलेलं?"

"हो. वहिनी मुद्दाम करपवायची."

आजी परत आल्या आणि म्हाताऱ्याच्या समोर, ओल्या मातीतच बसल्या.

"अजून सांग," त्या म्हणाल्या.